टाकीची टेकडी की मारुतीची

वर्ध्याहून आमच्या गावी आलेला पाहुणा पहिल्याच दिवशी दमतो. जिल्हा तसा सपाट. कपाशीची, तुरीची, सोयाबीनची रानं आणि त्यांतून जाणारे सरळ रस्ते. तळेगाव मागे पडलं की मात्र जमीन वर-खाली व्हायला लागते, आणि आमच्या गावात तर सपाट म्हणावी अशी जागा एकच, बसस्टँडची. बाकी सगळा चढ, नाहीतर उतार. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाचा गुडघा सायकल शिकताना एकदा तरी फुटलेला आहे. नगरपंचायत झाल्यापासून कागदोपत्री आम्ही शहरातले झालो, पण बाबा शेवटपर्यंत गावच म्हणत राहिले.

गावाच्या पूर्वेला टाकीची टेकडी आहे आणि पश्चिमेला मारुतीची. दोन्ही साधारण सारख्या दिसतात. त्यांतली उंच कोणती, यावर बाबा आणि किराणा दुकानवाले काका पन्नास वर्षांहून जास्त काळ भांडले.

काका आमच्या नात्यातले नव्हेत. त्यांचं घराणं व्यापाऱ्याचं. बसस्टँडजवळ दुकान आणि गावाबाहेर संत्र्याचा लहानसा बगीचा. आम्ही शेतकरी, पण बाबांनी शेती भावावर सोपवून पाटबंधारे खात्यात नोकरी धरली. जमिनीची पातळी मोजताना साहेब दुर्बिणीतून बघतात आणि समोर एक माणूस आकड्यांची लांब पट्टी उभी धरून थांबतो. बाबा तो पट्टी धरणारा माणूस होते; खात्यात त्याला चेनमन म्हणतात. हिंगणीकडे बोर धरणाच्या कालव्यांवर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. पट्टी केसभरही कलली तर आकडा चुकतो, म्हणून ती कशी धरायची हे मला त्यांनी लहानपणीच अंगणात वेळूच्या काठीवर शिकवलं होतं. मी पुढे सिव्हिलचा डिप्लोमा केला, तो त्या काठीमुळेच.

काका आणि बाबा पहिलीपासून एका वर्गात. एकमेकांना ते नावानं कधी हाक मारत नसत. बाबा त्यांना शेठ म्हणत, ते बाबांना गड्या म्हणत. बाबा निवृत्त झाल्यावर रोज सकाळी दूध घेऊन परतताना दुकानासमोरच्या बाकावर बसत, आणि थोड्याच वेळात विषय टेकडीवर येई. काका म्हणत, सकाळचं ऊन पहिलं मारुतीच्या झेंड्यावर पडतं. बाबा म्हणत, पडणारच, सूर्य समोरून उगवतो. उंचीचा त्यात काय संबंध? एका उन्हाळ्यात दोघांनी अर्धी भरलेली पाण्याची बाटली घेऊन दोन्ही टेकड्या चढल्या. बाटलीतल्या पाण्याच्या रेषेत डोळा लावून समोरची टेकडी वर राहते की खाली, हे बघायचं होतं. काकांना मोतीबिंदू झालेला, त्यांना समोरची टेकडीच दिसेना. त्या दिवसाचा निकाल रद्द धरावा, असं त्यांनी बाबांकडून कबूल करून घेतलं. दूध नासलं म्हणून आई मात्र चार दिवस रागावली होती.

बाबांच्या बोलण्यात तेव्हा एक शब्द नेहमी असे. "मुळात टाकीचीच उंच हाय," ते म्हणत. मला वाटायचं, ती त्यांची बोलायची लकब आहे. त्या 'मुळात'ला काही अर्थ आहे, हे मला कधी सुचलं नाही.

हे असंच चाललं असतं. पण दोन-अडीच वर्षांपूर्वी नगरपंचायतीनं ठरवलं की शहरातल्या सगळ्यात उंच जागेवर एक ठिकाण करायचं. कठडा, दोन बाकं, उंच खांबावर झेंडा, आणि फोटो काढायला मोठी पाटी. त्याबरोबर दोन्ही बाजूंचे लोक उठले. पूर्वेकडच्यांना ते टाकीच्या टेकडीवर हवं होतं, पश्चिमेकडच्यांना मारुतीच्या. मोबाइलवर उंची दाखवणारं ॲप असतं, ते घेऊन पोरं दोन्हीकडे चढली आणि दर वेळी वेगळा आकडा घेऊन उतरली. शेवटी काकांनीच बैठकीत सुचवलं की बाबांची मुलगी वर्ध्याला मोजणीचंच काम करते, तिला बोलवा. तिच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास आहे.

मी तेव्हा वर्ध्यात एका खाजगी कंपनीत रस्त्यांच्या मोजणीचं काम बघत होते. अजूनही तेच करते. निरोप आला तेव्हा मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. ज्या गावात मला अजून चेनमनची पोरगी म्हणतात, तिथं चार लोकांसमोर मशीन लावून उभं राहायला मिळणार होतं. बाबांना एकदा विचारावं, की तुम्हाला हे मोजायला हवं आहे का, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी मशीन घेऊन गेले. सोबत पट्टी धरायला आमच्याकडचा माणूस येणार होता, पण बाबा म्हणाले, त्याला कशाला आणतेस, मी आहे. वय पंचाहत्तरच्या पुढे. आई नको म्हणाली, मी नको म्हणाले. ते घरातून टोपी घालून आधीच बाहेर पडले होते.

आम्ही बसस्टँडच्या रस्त्याखालच्या मोरीवरून सुरुवात केली. आधी टाकीची टेकडी, मग परत खाली, मग मारुतीची. मागे पंधरा-वीस लोक, त्यात काका, गळ्यात मफलर. दुर्बिणीतून बघायला लागले की मला मध्ये पट्टीचे काळे-तांबडे आकडे दिसायचे आणि कडेला बाबांची बोटं. दोन्ही तळव्यांमध्ये पट्टी, कोपरं अंगाला चिकटलेली, श्वास रोखलेला. माझ्याकडच्या पंचविशीच्या माणसांची पट्टी हलते. बाबांची एकदाही हलली नाही. मी हात वर केला की ते पट्टी उचलून पुढच्या जागेकडे चालू लागत. सांगावं लागलंच नाही. बापलेकीनं आयुष्यात एकत्र केलेलं ते एकच काम.

मारुतीच्या टेकडीवर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. देवळामागच्या खडकावर बाबांनी पट्टी टेकवली आणि मी आकडा वाचला. वहीत बेरीज-वजाबाकी करायच्या आधीच मला कळलं. आणि मी मान वर केली तेव्हा बाबांच्या तोंडावरून दिसलं की त्यांनाही कळलं आहे. प्रत्येक आकडा मी मोठ्यानं वाचूनच वहीत मांडत होते. आधीचे सगळे त्यांच्या डोक्यात होते.

मारुतीची टेकडी पावणेदोन फुटांनी उंच भरली.

मी ते लगेच बोलले नाही. लोक देवळापाशी पाणी पीत होते. मी बाबांजवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, की पुन्हा उलटं मोजत खाली जाऊ, कुठे चूक असली तर सापडेल. त्यांनी ओळखलं की मी त्यांच्यासाठी वाट काढते आहे.

"चूक नाई," ते म्हणाले. "पन तुयं समाधान कर. अन् जो आकडा येईन तोच सांगजो."

आम्ही उलटं मोजत बसस्टँडपर्यंत आलो. फरक दोन-तीन मिलिमीटरचा. मी काकांच्या दुकानासमोर उभी राहून सगळ्यांना निकाल सांगितला. पश्चिमेकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा काकांकडे बघत होते. रागानं नाही; कुणाच्या उत्तराची वाट बघावी तसे. बराच वेळ. काका हसत होते, कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात टाकला, कुणीतरी पेढे आणायला धावलं. मग बाबांनी पट्टी मिटवली, पुसली आणि माझ्या हातात दिली.

"घे शेठ," ते म्हणाले. "तुही टेकडी."

दुसऱ्या दिवसापासून बाबा दुकानासमोरच्या बाकावर बसले नाहीत. दूध आणायला ते मागच्या गल्लीनं जायला लागले. त्या गल्लीला दीडशे पायऱ्या आहेत. आईनं मला फोनवर सांगितलं, तेव्हा वाटलं की चार दिवसांत निवळेल. निवळलं नाही. तीन महिन्यांनी मारुतीच्या टेकडीवर पाटी लागली, उद्घाटन झालं. काकांना मंचावर बसवलं होतं. बाबा गेले नाहीत. काका दोनदा घरी आले, तर बाबा मागच्या खोलीत जाऊन पडून राहिले. आईनं चहा दिला, काका अर्धा पिऊन गेले.

मला अपराधी वाटत होतं, आणि त्याचाच मला राग येत होता. एका रविवारी मी फोनवर बाबांना बोलले. म्हटलं, एवढ्या एका टेकडीसाठी तुम्ही सत्तर वर्षांची दोस्ती तोडता? मी काय खोटा आकडा सांगायला हवा होता? ते मग म्हणाले, "टेकडीचं नाई, बाई."

मी विचारायला हवं होतं, की मग कशाचं? दारात कुरिअरवाला उभा होता. मी म्हटलं, नंतर बोलू. नंतर बोलणं झालं ते आईच्या गोळ्यांचं, तुरीच्या भावाचं. टेकडीचा विषय मी टाळत गेले, आणि त्यांनी तो काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना लकवा झाला. वर्ध्याला आणलं, अकरा दिवस दवाखान्यात होते. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोळे मात्र सगळं समजत असल्यासारखे फिरत. सातव्या दिवशी काका आले. एसटीनं, एकटे, हातात आपल्या बगीच्यातल्या संत्र्यांची पिशवी. मी खुर्ची दिली. बाबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर हलवली नाही. काकांनी चादरीवरून त्यांचा पाय धरला. यंदा बहार चांगला आला, असं काहीतरी बोलले. रस्त्यात तळेगावला गाडी बंद पडली, तेही सांगितलं. दोनदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून बाहेर जावं असं त्यांना वाटत असावं. मला ते कळलं आणि मी उठले नाही. या दोघांमध्ये भांडण मी लावलं, आता मीच मध्ये बसून ते मिटवते, असला काहीतरी हट्ट माझ्या मनात होता. अर्ध्या तासानं काका गेले. जाताना संत्री पलंगाखाली ठेवून गेले.

बाबा त्यानंतर चौथ्या दिवशी गेले.

तेरवी झाली, दोन-तीन महिने गेले. एक दिवस दुपारी काका वर्ध्याला माझ्या घरी आले. पत्ता विचारत विचारत, ऑटोनं. पाणी दिलं तर घोटभर घेऊन ग्लास खाली ठेवला. म्हणाले, तुला एक सांगायचं आहे, मधे बोलू नको, नाहीतर माझ्यानं सांगणं होणार नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. माझ्या जन्माच्या आधी, दोघं विशीत असताना, टेकडीवर पाण्याची टाकी बांधली गेली. तोवर ती टाकीची टेकडी नव्हतीच. नुसती पूर्वेची टेकडी होती. टाकीसाठी जागा सपाट करायला तिचा माथा तोडला. बाबा नोकरीला लागायचे होते, ते रोजीनं त्या खोदकामावर होते. आपल्या हातांनी त्यांनी ती टेकडी उतरवली. निघालेला मुरूम बसस्टँडच्या भरावात गेला. काका दुकानातून गूळ-फुटाणे घेऊन वर जायचे. काम संपलं त्या दिवशी काका म्हणाले होते, की आता तुझी टेकडी बुटकी झाली, तू हरलास. बाबा म्हणाले, हे बरोबर नाही. माथा सरकारनं तोडला. मोजायची तर मूळची टेकडी मोजायची. काकांनी ते मानलं. हातावर हात मारून मानलं. त्यानंतर दोघांचा वाद कायम मूळच्या टेकडीचाच होता, आणि ते त्यांच्यात इतकं ठरलेलं होतं की कुणी पुन्हा बोलून दाखवलं नाही. बाकीच्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. खोदकामावरचे सगळे केव्हाच गेले.

"किती तोडला होता माथा?" मी विचारलं.

"पुरुषभर तरी. जास्तच असन." त्यांनी हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. "तुया आकड्यानं पायलं तं तो जिंकला होता. लय जिंकला होता."

मी विचारलं, मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?

ते म्हणाले, शाळेत तो पुढे, मी मागे. पोहण्यात तो, पाठांतरात तो. मला वाटलं, लोक टाळ्या वाजवत आहेत, आजचा एक दिवस जाऊ दे, उद्या सांगू.

"तो माह्याकडं पाहून राह्यला होता. त्याले वाटलं, मी बोलीन. त्यानं सोताहून बोलायचं नव्हतं, समजलं का तुले? ते माहं काम होतं."

उद्या सांगू म्हणता म्हणता पाटी लागली. मग मंचावर बसवलं. मग बोलणं आणखी अवघड झालं. दवाखान्यात सांगायलाच आलो होतो, ते म्हणाले. तू समोर होतीस.

काका रडले नाहीत. मीच रडले. मला आधी काय वाटलं ते लिहिते, कारण ते लपवलं तर हे सगळंच खोटं होईल. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. एक वर्ष मी समजत होते की माझ्या आकड्यानं बाबांना मोडलं. त्यांना मोडलं ते माझ्या आकड्यानं नव्हतंच. पाठोपाठ आठवलं की दवाखान्यातल्या त्या अर्ध्या तासात मी खुर्चीवरून उठले असते, तर बाबांना ते चार शब्द ऐकून जाता आलं असतं. तेव्हापासून ते सुटणं माझ्या कामाचं राहिलं नाही.

काकांना मी एसटीत बसवून दिलं. पुढच्या आठवड्यात ते नगरपंचायतीत गेले आणि तिथंही सगळं सांगितलं. तिथल्या लोकांनी आदरानं ऐकून घेतलं, चहा दिला. आजची उंच जागा आजचीच धरावी लागते, असं म्हणाले. त्यांचंही चूक नाही. तोडलेला माथा आता कुणाला मोजता येणार? पाटी आहे तिथंच आहे. रविवारी लोक लेकरांना घेऊन तिथं जातात.

मी गावी गेले तेव्हा आईला सांगितलं. ती तूर निवडत होती. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, मला ठाऊक आहे. मोजणीच्या रात्रीच बाबांनी तिला सगळं सांगितलं होतं. पोरीला सांगू नको म्हणाले होते, तिला वाटेल आपलं मोजणं वाया गेलं.

"अन् अजून काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, तो सांगन. उद्या सांगन." आई म्हणाली. "रोज सकाळी दूध आणून ठेवलं की दाराकडं पाहत. दोनदा तो आला, तं मले म्हणाले, तू चहा कर, मी आतमंदी पडतो. तुयासमोर बोलायला त्याले लाज वाटन. मागं खोलीत येईन, बोलन. तो चहा पिऊन गेला."

काकांना पुन्हा घरात घ्यायचं नाही, असं ती मला त्या दिवशी म्हणाली.

वर्षश्राद्धाला मी कुणाकुणाला बोलवायचं त्याची यादी केली, त्यात काकांचं नाव घातलं नव्हतं. दुपारी पंगत बसली तेव्हा ते फाटकाशी उभे होते. धुतलेलं पांढरं धोतर, हातात काहीच नाही. मला आत जाऊन आईला सांगायचा धीर होईना. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं असावं. ती बाहेर आली, फाटक उघडलं आणि बाजूला झाली.

काका पंगतीच्या टोकाला बसले. आईनं त्यांना स्वतः वाढलं. कढी, वडे, भाजी, भात. त्यांनी मान वर केली नाही. वाढलं ते सगळं खाल्लं, पुन्हा वाढलं तेही खाल्लं. त्यांना साखरेचा त्रास आहे, तरी खीर संपवली. हात धुऊन बाबांच्या फोटोसमोर उभे राहिले, नमस्कार केला आणि उतार उतरून निघून गेले. गुडघे दुखत असल्यानं भिंतीला हात लावत, हळूहळू.

पत्रावळ्या उचलताना आई माझ्याजवळ आली. दुसरीकडे बघत विचारलं, "जेवला ना तो नीट?"

मी हो म्हटलं. ती आत गेली आणि भांडी आवरायला लागली.